वजन घटवणे : बेळगाव सीमाभागातील आहार आणि व्यायाम

वजन घटवणे : शरीरात साठलेली जादा चरबी आहारातील बदल आणि नियमित व्यायाम यांच्या साहाय्याने कमी करणे व ती पुन्हा साठू न देणे. या व्याख्येचा उत्तरार्ध सहसा विसरला जातो. लग्न ठरल्यावर किंवा डॉक्टरांनी दटावल्यावर चार महिन्यांत आठ-दहा किलो उतरवणारे पुष्कळ असतात; दोन वर्षांनंतरही ते वजन तसेच राखलेले थोडे. प्रस्तुत नोंदीत हा विषय बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि लगतच्या मराठीभाषक पट्ट्यातील, म्हणजे सीमाभागातील, रोजच्या जेवणाच्या आणि कष्टाच्या संदर्भात मांडला आहे.

सीमाभागाचे ताट एकसारखे नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाळी भागात भात हेच मुख्य अन्न. बेळगाव तालुक्यात भात आणि भाकरी दोन्ही चालतात, आणि येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला बासमती तर घरोघरी कौतुकाचा. गोकाक, अथणीकडे सरकावे तसा जोंधळा वाढत जातो. चिकोडी-निपाणीकडे उसाचे मळे आहेत आणि घरात गुळाला तोटा नसतो. त्यामुळे ‘भात सोडा, भाकरी खा’ असा एकच सल्ला साऱ्या जिल्ह्याला देता येत नाही.

वजन वाढण्याचे कारण लोक बहुधा बदललेल्या खाण्यात शोधतात. पाकिटातले खाणे आणि बेकरीचे पदार्थ वाढले आहेत हे खरेच. पण इथल्या गावांत त्याहून मोठा बदल कष्टात झाला आहे. नांगरणी ट्रॅक्टरने होते, चिखलणीला पॉवर टिलर येतो, कापणी-मळणीला यंत्र मिळते. दळण गिरणीत, पाणी नळाला, आणि शिवारात जायला दुचाकी. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण दिवसभर यंत्रासमोर एका जागी उभा असतो. ताटातला वाटा मात्र औतामागे चालणाऱ्या आजोबांच्या मापाचाच राहिला. त्यातच आग्रह हा इथल्या घराघरांतला संस्कार. ‘अजून थोडं घ्या की’ म्हटल्यावर नको म्हणणे पाहुण्याला जड जाते.

मोजमाप. वजन जास्त आहे की नाही हे ठरवायला किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. जागतिक पातळीवर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा खाली आणून अनुक्रमे २३ आणि २५ अशा सुचवल्या. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाने ६३ किलोला सावध व्हावे आणि ६८ किलोला कामाला लागावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) हा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक असलेले प्रौढ देशात स्त्रियांत २४ टक्के आणि पुरुषांत सुमारे २३ टक्के आढळले. कर्नाटकात दोन्ही आकडे ३० टक्क्यांच्या आसपास होते.

भारतीयांसाठी वेगळी मर्यादा का, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरने पुढे ठेवले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हात-पाय बारीक आणि पोट तेवढे सुटलेले, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी ठेवण. आणि पोटातली चरबीच मधुमेह व हृदयविकाराला अधिक जवळची. म्हणून सीमाभागातल्या कुटुंबांना काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त उपयोगी आहे. पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घेर मोजताना पोट आत ओढू नये, आणि टेप पँटच्या पट्ट्यावर न धरता बरगडीचे खालचे टोक व कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी.

चरबी कशी उतरते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरावा असा हिशेब निघतो. सुरुवातीला तो जमतोही. पुढे शरीर हलके होते, त्याची गरजही घटते आणि उतरण्याचा वेग मंदावतो. पहिल्या आठवड्यात झपाट्याने गेलेले दोन-तीन किलो बव्हंशी पाणी असते. त्यावर भाळून जाहिरातीतल्या पावडरीला पैसे मोजू नयेत. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट हे डॉक्टर मान्य करतात असे उद्दिष्ट आहे. ८० किलोच्या माणसाला हे ४ ते ८ किलो होतात. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण रक्तदाब, रक्तातील साखर आणि गुडघे यांना तेवढ्यानेही आराम पडतो.

ताट. जोंधळ्याची भाकरी खाल्ली की वजन उतरते, हा समज शहरात विशेष पसरला आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम जोंधळा, गहू किंवा तांदूळ यांतली ऊर्जा जवळपास सारखीच, ३२० ते ३६० किलोकॅलरींच्या दरम्यान असते. फरक आहे तो तंतूंचा. जोंधळ्यात १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. त्यामुळे भाकरीने पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. तरी भरल्या पोटावर तिसरी भाकरी मोडली तर ती अंगावर येणारच. खानापूरकडच्या माणसाला भात सोडायचे कारण नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात सोडला तरी पुष्कळ झाले.

या ताटातली खरी उणीव प्रथिनांची आणि भाज्यांची आहे. पातळ आमटी-भातात डाळ थोडी आणि भात फार. ताटाचा निम्मा भाग भाजी व कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ, उसळ किंवा अंडी-मासळीचा आणि उरलेला पाव भाग भाकरी-भाताचा, अशी वाटणी आहारतज्ज्ञ सांगतात. यासाठी बाहेरचे काही आणावे लागत नाही. बेळगाव तालुक्यात भातानंतर त्याच शिवारात मसूर, वाटाणा, हरभरा होतो. हुलग्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, नाचणीची ताकातली आंबील, मेथीची पचडी हे पदार्थ आज आजारी माणसापुरते किंवा सणापुरते उरले आहेत. ते रोजच्या पंगतीला परत यायला हवेत. कडोलीसारख्या गावांतली ताजी भाजी बेळगावच्या बाजारात रोज उतरत असताना मुलांच्या डब्यात चपातीबरोबर जॅम असावा, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

तेल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब महिन्याने करावा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला जवळपास ३४०. आणि यात बाहेर खाल्लेली भजी, वडे धरलेले नाहीत. हाच डबा दीड महिना पुरवला, तर कुणाच्याही ताटातला पदार्थ न घटवता माणशी शंभराहून अधिक किलोकॅलरी रोज वाचतात. शेंगदाण्याचेही तसेच. शेंगाचटणी पौष्टिक आहे, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. चमचाभर चटणी ठीक. वाटीभर घेऊन वर तेल सोडले की ते एका जेवणाएवढे होते.

साखरेबाबत ऊसपट्ट्यात एक गोड गैरसमज आहे : गुळाने वजन वाढत नाही. गुळातले लोह वगैरे धरूनही त्याची ऊर्जा साखरेच्या जवळपासच आहे. कारखान्यात, दुकानात, यंत्रमागावर दिवसाला पाच चहा होणे नित्याचे. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर धरली, तर ५० ग्रॅम साखरेचे २०० किलोकॅलरी नुसत्या चहातून जातात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २,००० किलोकॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. बेळगावचा कुंदा, मांडे, गोकाकचा कर्दंट ही या मातीची ओळख आहे आणि ती सणासुदीला खावी. पाहुणे आले म्हणून, पगार झाला म्हणून, गावाला निघालो म्हणून डबा घरात येत राहिला, की सण आणि वार यांत फरक उरत नाही.

उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र मिळून वर्षातले बरेच दिवस उपासाचे. साबुदाण्यात प्रथिने नाहीतच म्हटले तरी चालेल, ऊर्जा मात्र १०० ग्रॅमला सुमारे ३५०. त्यात दाण्याचे कूट आणि तूप. उपासाने वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हे पाहावे. बेळगाव भागात रताळी मुबलक पिकतात. उकडलेले रताळे, ताक आणि फळ एवढ्यावर केलेला उपास हलका होतो.

तालीम आणि चालणे. व्यायामाची परंपरा इथे जुनी आहे. गल्लीतली तालीम, लाल मातीचा हौदा, दंड-बैठका, गावच्या जत्रेतली कुस्ती, आणि बेळगावातच असलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. भरतीसाठी पहाटे पळणारी पोरे जवळजवळ प्रत्येक गावात दिसतात. पण या परंपरेची एक बाजू बोलली जात नाही. तालीम सुटते आणि खुराक सुटत नाही. विशीत दूध, तूप, बदाम पचवणारा पैलवान पस्तिशीत दुकानावर बसतो, ताट तेच राहते, आणि चाळिशीत साखर निघते. जिमला जाऊन सोडणाऱ्यांचेही हेच. नवरात्रात दुर्गामाता दौडीला पहाटे हजारो तरुण बेळगावच्या रस्त्यांवर धावतात. दसऱ्यानंतर त्यातले किती जण पहाटे उठतात, यावर वर्षाचा हिशेब ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम घ्यावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, गाणे म्हणता येत नाही, असा वेग. किल्ला तलावाचा काठ, व्हॅक्सिन डेपोचे मैदान या बेळगावकरांच्या फिरण्याच्या जागा. येळ्ळूरकडच्यांना राजहंसगडाची चढण आहे. ७० किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर २०० ते २५० किलोकॅलरी खर्च होतात, आणि परतताना खाल्लेली भज्यांची एक बशी ते सारे भरून काढते. म्हणून वजन उतरते ते मुख्यतः ताटामुळे, आणि उतरलेले टिकते ते मुख्यतः चालण्यामुळे. दंड-बैठकांचे काम आणखी वेगळे : नुसते कमी खाल्ल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते त्या वाचवतात. साठीच्या माणसाने खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या दहा बैठका केल्या तरी सुरुवात झाली.

जून ते सप्टेंबर पावसामुळे, विशेषतः खानापूरकडे, फिरणे बंद पडते आणि पुष्कळांचे कायमचे मोडते. घराच्या सोप्यात होणारे सूर्यनमस्कार यासाठी उत्तम. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार गेल्या शतकात हयातभर केला.

स्त्रियांची अडचण निराळी आहे. घरात सर्वांत शेवटी जेवायचे, उरलेसुरले टाकवत नाही म्हणून संपवायचे, आणि पहाटे अंधारात एकटीने बाहेर पडायला धजायचे नाही. ‘घरकाम काय कमी आहे’ या उत्तरात तथ्य आहे, पण त्या कामात दम लागेल असे सलग चालणे क्वचितच घडते. चार-सहा जणींनी मिळून संध्याकाळी शाळेच्या पटांगणात किंवा देवळाभोवती फिरणे अनेक गावांत रुळले आहे. घरच्यांनी तेवढा पाऊण तास त्यांना मोकळा करून द्यायला हवा. हा औषधापेक्षा स्वस्त उपाय आहे.

परिणाम. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना वजन ७ टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचालीचे उद्दिष्ट दिले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात भारतीयांमध्ये हा लाभ सुमारे २८ टक्के दिसला, तोही वजनात फारशी घट झाली नसताना. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

सावधगिरी. गरोदरपणात वजन घटवण्याचा प्रयत्न करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. काही न करता वजन घटू लागले तर त्याचा आनंद न मानता मधुमेह, थायरॉइड, क्षय यांची तपासणी करावी. छातीत दुखणे किंवा चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे असल्यास तपासणीआधी व्यायाम सुरू करू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी चढण टाळून सपाट जमिनीवर चालावे, आणि सुरुवात दहा मिनिटांपासून करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.