टॉर्क आणि एचपी: ट्रॅक्टरच्या पत्रकातले दोन आकडे

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की वऱ्हाडात पहिला प्रश्न एचपीचा. माहितीपत्रकात त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो: टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये. दारव्हा असो की मेहकर, दोन्ही आकडे ‘ताकद’ या एकाच नावाखाली खपतात. एचपी जास्त म्हणजे ओढ जास्त, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पोरांना दोन्हींची सूत्रं पाठ असतात, पण ट्रॅक्टरपुढे उभं करून विचारलं तर तीही चाचपडतात.

आधी टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. मागच्या चाकाचा गंजलेला नट सोडवायचा आहे. पान्हा 30 सेंटिमीटर लांब, आणि तुम्ही टोकावर 300 न्यूटन, म्हणजे साधारण 30 किलो वजनाइतका भार दिला. टॉर्क झाला 90 न्यूटन-मीटर. नट हलत नाही. मग कोणीतरी पान्ह्यात लोखंडी पाईप अडकवतो, लांबी एक मीटर होते आणि तेवढ्याच भाराचा टॉर्क होतो 300 न्यूटन-मीटर. भार वाढला नाही, अंतर वाढलं.

एचपी म्हणजे शक्ती, अर्थात दर सेकंदाला किती काम झालं. एक एचपी म्हणजे 746 वॅट. नट अजून जागचा हलला नसेल तर काम शून्य आणि शक्तीही शून्य, घाम कितीही निघो. टॉर्क असतो, शक्ती नसते, हे इथे हाताला कळतं. फिरत्या वस्तूची शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. दोघांपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्य.

आता 45 एचपीचा ट्रॅक्टर घेऊ. 45 एचपी म्हणजे सुमारे 33.6 किलोवॅट. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत ही शक्ती देत असेल, तर टॉर्क निघतो साधारण 160 न्यूटन-मीटर. पाईप लावलेल्या पान्ह्यावर तुम्ही दिला त्याच्या जवळपास निम्मा! आणि 45 एचपीचीच मोटरसायकल 7000 फेऱ्यांवर ती शक्ती देत असेल तर तिचा टॉर्क 46 च्या आसपास. एचपी सारखे, टॉर्कमध्ये साडेतीन पट फरक.

मग मोटरसायकलचं इंजिन नांगर ओढणारच नाही का? तत्त्वतः ओढेल, गिअर पुरेसे लावले तर. एचपी मोठा की टॉर्क, असा वाद घालणारे बहुतेक इथेच अडकतात. गिअर टॉर्क वाढवतो आणि त्याच प्रमाणात फेरे कमी करतो. शंभराला एक असं गुणोत्तर असेल तर ट्रॅक्टरच्या 160 चे 16,000 न्यूटन-मीटर होतात, पण चाक मिनिटाला 20 फेरेच घेतं. शक्ती मात्र गिअर वाढवत नाही, उलट घर्षणात थोडी खातोच. नांगर हलेल की नाही, हे चाकाशी पोचलेल्या टॉर्कवर ठरतं. दिवसभरात किती वावर होईल, ते शक्तीवर. उदाहरणापुरतं धरा, नांगराला 7500 न्यूटन ओढ लागते. ताशी 3.6 किलोमीटरने गेलात तर 7.5 किलोवॅट, म्हणजे फाळाशी 10 एचपी. तीच ओढ दुप्पट वेगाने हवी असेल तर 20 एचपी. प्रत्यक्षात वेग वाढला की मातीचा विरोधही वाढतो, म्हणून त्याहूनही जास्तच.

गिअरने टॉर्क हवा तसा मिळतो, तर इंजिनचा टॉर्क कशाला बघायचा? कारण काळ्या जमिनीत ओढ सारखी राहत नाही. बांधाजवळ, गाडवाटेवर माती दडपलेली असते. तिथे फाळ गेला की इंजिनचे फेरे पडतात. फेरे पडताना ज्याचा टॉर्क वाढतो ते इंजिन तग धरतं, बाकीच्यांना गिअर बदलावा लागतो. याला बॅकअप टॉर्क म्हणतात: पूर्ण शक्तीच्या वेळी असतो त्यापेक्षा सर्वात जास्त टॉर्क किती टक्क्यांनी मोठा. माझ्या मते दोन-चार एचपीच्या फरकापेक्षा हा आकडा कास्तकाराने आधी विचारावा. रोटाव्हेटर जास्त चालवायचा असेल तर मात्र पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे, एचपी बघा, इंजिनचे नाही.

आणि दोन्ही भरपूर असूनही पावसानंतर चाक जागेवर फिरतंच. तिथे ना टॉर्क कमी असतो ना एचपी. कमी पडते ती टायर आणि माती यांची पकड. म्हणून टायरमध्ये पाणी भरतात, चाकाला लोखंडी वजनं लावतात; भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिखलणीला केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखं लोखंडी चाक.

हे सगळं यंत्रशास्त्राचे पहिलेच धडे आहेत. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ सुरुवातीलाच येतात. फिरण्याची गती नीट येते ती बारावीत, भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात. पुढे वाटा फुटतात. दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक ट्रॅक्टर किंवा डिझेल मेकॅनिक केलात तर टॉर्क रोज हातात असेल: इंजिनच्या हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळायचे असतात, अंदाजाने नाही. यवतमाळ, अमरावती, खामगावला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि नागपूरच्या हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाही आहे. बारावीनंतर सीईटी देऊन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी करता येते. नांगर, पीटीओ, ओढ हा तिथे अभ्यासाचाच विषय, आणि माझ्या मते आपल्याकडच्या पोरांनी सर्वात कमी ओळखलेली वाट. जेईईने नागपूरचं व्हीएनआयटी, तर साध्या बीएस्सी भौतिकशास्त्राने शिक्षकी आणि संशोधन. बीएस्सीला कमी लेखणारे गावात पुष्कळ भेटतात. त्यांच्या पोरांना हेच धडे शिकवणारा माणूस मात्र बीएस्सीच असतो.

‘नीट’च्या नादात अकरावीला गणित सोडणाऱ्यांनी एवढं बघून घ्यावं की कृषी अभियांत्रिकी आणि इंजिनिअरिंग, दोन्हींना बारावीचं गणित लागतं.

आणि ज्यांना शिकायचं नाही, घ्यायचा फक्त ट्रॅक्टर आहे, त्यांनी मॉडेल ठरवण्याआधी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या, ट्रॅक्टर तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागावा. त्यात पीटीओची शक्ती, जास्तीत जास्त ओढ आणि बॅकअप टॉर्क वेगवेगळे मोजून दिलेले असतात.