झडप हृदयात, रक्तस्राव आतड्यात

1958 साली एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला एक छोटंसं पत्र लिहिलं. महाधमनीची झडप कॅल्शियम साचून अरुंद झालेले निदान दहा रुग्ण त्यांनी पाहिले होते. त्या सगळ्यांच्या आतड्यांतून खूप रक्त जात होतं आणि कारण सापडत नव्हतं. हृदयातल्या बिघाडाचा पोटाशी संबंध काय, हे उलगडायला पुढे कित्येक दशकं लागली.

दुवा निघाला फॉन विलेब्रांड फॅक्टर हे प्रथिन. हा जणू रक्तातून फिरणारा सुताचा गुंडा. रक्तवाहिनीला इजा झाली की तो उलगडतो, जखमेला चिकटतो आणि प्लेटलेट्सना तिथं धरून ठेवतो. सूत जितकं लांब, तितकी पकड घट्ट. निरोगी झडपेचं तोंड 3 ते 4 चौरस सेंटीमीटर उघडतं. ते 1 पेक्षा कमी झालं, की रक्त त्या फटीतून सेकंदाला 4 मीटरहून जास्त वेगानं सुटू शकतं. त्या ओढीत गुंडा जखम नसतानाच उलगडतो आणि रक्तातलंच एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. उरतं ते आखूड, पकड नसलेलं सूत. आतड्यातल्या नाजूक, वेड्यावाकड्या वाढलेल्या रक्तवाहिन्या वाहू लागल्या, की मग थांबत नाहीत.

वाईट याचं वाटतं, की प्लेटलेट्सची संख्या आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) बहुधा नॉर्मल येतात. रक्ताच्या बाटल्या चढत राहतात, कधी आतड्याचा तुकडाही काढला जातो, तरी शौचाला पुन्हा काळं होतं. वारंवार हिमोग्लोबिन उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीला कुणीतरी शांतपणे स्टेथोस्कोप लावायलाच हवा.

हीमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारात शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही रक्त गोठवणारा फॅक्टर बाहेरून द्यावा लागतो. इथं मात्र शस्त्रक्रिया हाच रक्ताचाही उपचार. झडप बदलली, की लांब सूत काही तासांत परतू लागतं. पण कुठली झडप? धातूची टिकते, मात्र तिच्यासाठी जन्मभर वॉरफरिन घ्यावं लागतं, आणि ज्याचं आतडं आधीच वाहतंय त्याला रक्त पातळ करणारं औषध देणं धोक्याचं. म्हणून बहुतेकदा प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप निवडतात. अनेकांना ती मांडीतल्या धमनीतून, छाती न उघडता बसवता येते.

नव्या झडपेच्या कडेनं गळती राहिली, तर मात्र तिथंही सूत तुटत राहतं. रक्तात लांब सूत परतलं नाही, तर कडेची गळती शोधावी लागते.