प्रोटोटाइप वेगळा, डेमो वेगळा

गेम बनवायला नुकतीच लागलेली मुलं हमखास विचारतात, प्रोटोटाइप तयार झालाय, स्टीमवर (गेम विकायचं ऑनलाइन दुकान) डेमो म्हणून टाकू का? नका टाकू. दोन्ही अर्धवट गेमच दिसतात म्हणून घोळ होतो, पण प्रोटोटाइप आपण स्वतःसाठी करतो, कल्पना जमते का बघायला, आणि डेमो खेळणाऱ्यासाठी, गेमची चव द्यायला.

मी मालवणचा, रापणीवर गेम करतोय, म्हणजे किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात आणि जाळं हळूहळू वाळूवर येतं ते. सुरुवातीला गोडोमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन चौकोन आणि एक रेघ, बस्स. चौकोन म्हणजे माणसं, रेघ म्हणजे दोर, समुद्र नाही, आवाज नाही, मेनूपण नाही. मला एवढंच बघायचं होतं की दोन्ही बाजूंचा ताल जमवून ओढण्यात मजा येते का. चतुर्थीला घर भरलेलं असतं, एकेकाच्या हातात लॅपटॉप दिला. काका म्हणाले, "जाळा खय आसा रे? पण ओढूक बरा वाटता." झालं, उत्तर मिळालं! मासे मोजायचा स्कोर टाकलेला त्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, तो काढला. एक-दोन आठवड्यांत होईल एवढाच प्रोटोटाइप करा आणि कोड कसाही लिहा कारण तो फेकायचाच असतो. फेकताना जिवावर येतं, पण त्याच कच्च्या कोडवर पुढचा गेम चढवत गेलात की नंतर एक बटण बदलायला दोन दिवस जातात.

डेमोच्या वेळी "आता थांबा, आता ओढा" सांगायला आपण शेजारी नसतो. म्हणून कंट्रोल गेमनेच शिकवायचे, आवाज, चित्रं, सेटिंग सगळं फायनलसारखं, फक्त तुकडा छोटा, पंधरा मिनिटांचा असला तरी चालेल पण पक्का हवा, आणि संपताना विशलिस्टचं बटण, म्हणजे आवडलेला गेम खेळणाऱ्याला स्टीमवर आपल्या यादीत टाकून ठेवता येतो. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येणाऱ्या गेमच्या डेमोंचा ऑनलाइन मेळा, वर्षातून तीनदा असतो पण एका गेमला त्यात एकदाच जाता येतं, तिथे चौकोन घेऊन गेलात तर ती संधी गेली.

प्रोटोटाइप लांबच्या मित्रांना दाखवायचाच असेल तर इच डॉट आयओ ही गेम टाकायची वेबसाइट आहे, फुकट. गोडोच्या स्वतःच्या भाषेत, जीडीस्क्रिप्टमध्ये केलेला असेल तर ब्राउझरमध्ये चालेल असा एक्सपोर्ट होतो, लिंक पाठवली की झालं. स्टीमला मात्र प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात, माझे मी चतुर्थीनंतरच भरले.