सीई म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट' नव्हे

'खेळण्यावरच्या सीई अक्षरांत अंतर कमी असेल तर तो चायना एक्स्पोर्ट' हा मेसेज बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. असं वेगळं अधिकृत चिन्ह नाहीच. सीई एकच: माल युरोपीय सुरक्षा नियमांत बसतो, हे उत्पादकानं जाहीर करणं. माल कुठं बनला, हे त्यावरून कळत नाही. बेळगावात बनलेल्या यंत्रावरही ते असू शकतं. अंतर चुकलेलं दिसलं तर शंका जरूर घ्या, पण खूण नकली असल्याची.

मात्र युरोपचे आणि आपले नियम एक नाहीत, त्यामुळं इथं सीई पुरत नाही. २०२१ पासून भारतात कारखान्यातल्या खेळण्यांना आयएसआय ही भारतीय मानकाची खूण सक्तीची आहे. मुलाच्या हाती देण्याआधी त्या खुणेखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाका. परवाना कुणाचा, चालू आहे का, लगेच दिसतं.