रायफलीच्या नळीत तांबे साचणे

गोळीवरच्या तांब्याच्या कवचाचा अंश रायफलीच्या नळीत आतून चिकटून त्याचा थर साचणे. हे कवच बहुधा गिल्डिंग मेटलचे, म्हणजे साधारण ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्ताचे असते. थोडे तांबे प्रत्येक नळीत साचते. थर वाढला की नेम पसरतो. एखादी कोरी नळी मात्र पहिल्या वीसेक गोळ्यांतच तांबूस दिसू लागते. त्याचे मूळ बहुतेकदा कारखान्यात सापडते.

पोलादी दांड्याला आरपार भोक पाडून ते रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या फिरत्या हत्याराने, साफ करतात. मग पीळदार चर पाडतात: एकेक कापून, टणक बटण (चरांच्या उलट आकाराची गुल्ली) ओढून किंवा आत मँड्रेल (तशाच आकाराचा दांडा) घालून बाहेरून ठोकून. रीमर गोल फिरत सरकतो, म्हणून त्याचे ओरखडे नळीला आडवे उमटतात. गोळी जाते उभी. प्रत्येक ओरखडा तिला कानशीच्या दातासारखा लागतो. चर कापले तरी मधल्या उंचवट्यांवर हे ओरखडे तसेच राहतात. म्हणून चांगल्या नळ्या आत ओतलेल्या शिशाच्या गुल्लीला पेस्ट लावून हाताने घासतात. यालाच लॅपिंग म्हणतात. पण काडतुसाचे घर त्यानंतर कापले जाते, त्यामुळे घराच्या तोंडाशी ओरखडे पुन्हा ताजे! तिथे खरवडलेले तांबे तप्त वायूबरोबर पुढे जाऊन चिकटते. नव्या नळीला 'एक गोळी, एक सफाई' असे काही वेळा करण्याचा प्रघात यातूनच आला. त्याने तोंडाची धार मोडते इतकेच. रीमिंगच खराब असेल तर हा सोपस्कार व्यर्थ.

अमोनियायुक्त द्रावणाची चिंदी नळीतून निळी होऊन आली, की तांबे आहे असे समजतात. चिंदी पितळी जॅगवर, म्हणजे सफाईच्या सळईच्या टोकावर, चढवली असेल तर जॅगही तिला निळी करतो, आणि माणूस स्वच्छ नळी घासत बसतो.

पूर्वी कवच तांबे-निकेलचे असे आणि त्याच्या गुठळ्याच नळीत बसत. उपाय म्हणून अमेरिकेत १९२१च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला. कथील काडतुसाच्या मानेला झाळल्यासारखे धरून बसे. त्यावर कोणी सवयीने ग्रीस लावले, की दाब धोकादायक वाढे.

स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातली .२२ची गोळी बिनकवचाची, शिशाची असते. त्या नळीत साचते ते शिसे आणि वंगणाचे मेण.