गुणसूत्र कोणाकडून आले?

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या ओळखीच्या एका घरात खाऊच्या डब्यांच्या फडताळाला कुलूप असते आणि त्याची किल्ली आजी कमरेला बाळगतात. नातू जन्मला तेव्हा त्याचे अंग इतके ढिले होते की त्याला दूध ओढता येत नसे, बोंडल्याने थेंबथेंब पाजावे लागे. तोच मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि कितीही जेवला तरी त्याची भूक भागत नाही. या विकाराचे नाव प्रेडर-विली सिंड्रोम. ‘हे आईकडूनच आले असणार’ असे नातेवाईक सुनेला वर्षानुवर्षे ऐकवत आले, याचे मला फार वाईट वाटते.

बहुतेक जनुकांच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती काम करतात. माणसाच्या सुमारे शंभर जनुकांत मात्र एकच प्रत बोलते, दुसरी गप्प असते. बीजांड किंवा शुक्राणू घडताना डीएनएचे एकही अक्षर न बदलता त्यावर मेथिल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा बसतात, त्या जनुकाची ती प्रत गप्प करू शकतात. हाच जनुकीय ठसा, म्हणजे इम्प्रिंटिंग. दोन्ही जनुकसंच केवळ आईचे किंवा केवळ वडिलांचे असतील तर उंदराचा गर्भ पूर्ण वाढत नाही, हे 1984 साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात मॅकग्रा व सोल्टर यांनी दाखवले.

पंधराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा वडिलांच्या प्रतीतून गळला तर प्रेडर-विली होतो. तोच तुकडा आईच्या प्रतीतून गळला तर अँजेलमन सिंड्रोम होतो, ज्यात बोलणे जवळजवळ येत नाही, फिट येतात आणि मूल वारंवार हसते. प्रेडर-विलीच्या सुमारे चतुर्थांश मुलांत काहीच गळालेले नसते, फक्त दोन्ही प्रती आईच्या असतात. त्यामुळे गुणसूत्रांची नेहमीची तपासणी निर्दोष आली म्हणून थांबू नये, या मेथिलच्या खुणा तपासणारी रक्ताची मेथिलेशन चाचणी करून घ्यावी.

काही कुटुंबांत अँजेलमनचे मूळ याच तुकड्यातील यूबीई3ए या जनुकातील बदलात असते. तो पुरुषाकडून मुलीला मिळाला तर तिला काही होत नाही, परंतु तिच्या बीजांडांत जुना ठसा पुसून आईचा ठसा उमटतो आणि तिच्या प्रत्येक अपत्याला 50 टक्के धोका राहतो. म्हणूनच समुपदेशक वंशावळ काढताना आजोळची, मामांची चौकशी करतात.

नौपाड्यातल्या मुलाच्या अहवालात वडिलांच्या गुणसूत्रातला तुकडा गळालेला निघाला. असा तुकडा शुक्राणू घडताना योगायोगाने गळतो, त्यात वडिलांचाही दोष नसतो आणि पुढच्या अपत्यात तेच घडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. आजींनी तो अहवाल सुनेसमोर दोनदा वाचून घेतला.