फौजेबरोबर गेलेल्या कंत्राटी माणसांची मोजणी कुठनं सुरू झाली

कोल्हापूर जिल्ह्यात फौजी माणसाचं कौतुक काय असतं ते वेगळं सांगायला नको, शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. जवान गेला की चौकाचौकात फ्लेक्स, बंदुकीची सलामी, सैनिक कल्याण ऑफिसात घरच्यांची फाईल. पण त्याच फौजेच्या कॅम्पवर भात शिजवणारा नाहीतर टँकर चालवणारा कंत्राटी माणूस गेला तर त्याची नोंद कोण ठेवतंय?

हे आजचं नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या इंग्रजांच्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या हे आपल्याकडं अजून सांगतात, त्यांच्या मागनं गेलेले भिस्ती, खेचरवाले, धोबी मात्र कुणाच्या तोंडात नाहीत. एप्रिल 1916 मध्ये तिथलं कुत शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा कैद झालेल्या 13,000 च्या आसपास लोकांत असे हजारो होते. बसराच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांचीसुद्धा नावं कोरली नाहीत, नुसता आकडा टाकला, मग खेचरवाल्याला कोण विचारतंय.

कायद्यानं नोंद ठेवायची सुरुवात अमेरिकेत झाली, तीही पैशाच्या हिशोबातनं. 1941 मध्ये तिथं डिफेन्स बेस ॲक्ट आला, परदेशातल्या लष्करी तळावर काम करणाऱ्याचा विमा ठेकेदारानंच काढायचा. त्याच डिसेंबरात जपान्यांनी पॅसिफिकमधलं अमेरिकेचं वेक बेट घेतलं, तिथं तळ बांधायला आलेले हजारावर सिव्हिलियन कामगार सापडले. बहुतेकांना कैदी छावण्यांत पाठवलं, कामाला म्हणून 98 जण मागं ठेवले आणि ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांची कत्तल केली. त्यातनं एकजण निसटला, पोवळ्याच्या दगडावर 98 कैदी आणि तारीख एवढंच कोरलं, नंतर तोही सापडला आणि मारला गेला. म्हणजे पहिली नोंद त्यानं स्वतःच केली म्हणा. सरकारनं 1942 मध्ये युद्धातल्या जोखमीच्या भरपाईचा वेगळा कायदा केला खरा, पण वेकच्या कामगारांना माजी सैनिकाचा दर्जा मिळायला 1981 उजाडलं.

इराक-अफगाणिस्तानात ठेकेदाराच्या विम्याची हीच पद्धत पुढं चालली आणि तिथंच खरी गोम आहे. आकडा ठेवतंय कोण, तर अमेरिकेचं कामगार खातं, आणि तेही विम्याच्या आलेल्या क्लेमवरनं. क्लेम नाही तर मृत्यूही नाही! ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी 2001 नंतरच्या युद्धांत असे सुमारे 8,000 कंत्राटी लोक गेले असा अंदाज काढला, अमेरिकन सैनिक गेले 7,000 च्या आसपास, आणि हा अंदाजच आहे कारण परदेशी कामगारांचे कितीतरी मृत्यू कळवलेच जात नाहीत. ऑगस्ट 2004 मध्ये इराकात 12 नेपाळी कामगारांना मारलं ते व्हिडिओमुळं जगाला कळलं, तरी घरच्यांना विम्याचा हक्क मिळवायला 2008 पर्यंत भांडावं लागलं. त्यात परदेशी वारसाला पुढची पेन्शन एकदम अर्ध्या रकमेत मिटवायची सोय त्या 1941 च्या कायद्यातच आहे.

आपल्याकडं सीमेवर रस्ते बांधणाऱ्या बीआरओच्या रोजंदारी मजुरांना 10 लाखाचा ग्रुप विमा मंजूर झाला तो 2024 मध्ये. अंत्यविधीचा खर्च त्याच्या थोडं आधी 1,000 वरनं 10,000 रुपये केला होता.